आर.बी.आय. बेसबॉल

एनईएस या निन्टेन्डोच्या कार्ट्रिजवाल्या यंत्रावर खेळायचा व्हिडिओ गेम. टेंजेन कंपनीने तो १९८८ साली अमेरिकेत विक्रीला आणला. नावातल्या आर.बी.आय.चा आपल्या रिझर्व्ह बँकेशी काही संबंध नाही; फलंदाजाच्या फटक्यावर साथीदार होमला (धाव पूर्ण होते त्या जागी) पोहोचून झालेल्या धावांना बेसबॉलमध्ये ‘रन्स बॅटेड इन’ म्हणतात. मूळ खेळ जपानी. नामकोने डिसेंबर १९८६ मध्ये फॅमिकॉमसाठी, म्हणजे एनईएसच्या जपानी अवतारासाठी, काढलेला ‘प्रो याक्यू फॅमिली स्टेडियम’ तो हाच, आणि यातले गुटगुटीत, आखूड पायांचे खेळाडूही तिथलेच.

टेंजेनने परवाना घेतला तो खेळाडूंच्या संघटनेचा, मेजर लीग या अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धेचा नव्हे. म्हणून नोलन रायन, रॉजर क्लेमेन्स ही नावे खरी, पण संघ नुसते ‘ह्यूस्टन’, ‘बॉस्टन’. आठ संघ म्हणजे लीगमधले १९८६ आणि १९८७ चे विभागविजेते. त्यांत दोन ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या, संघांची भर.

खेळायला दिशांचे फुलीच्या आकाराचे बटण आणि ए, बी ही दोन बटणे पुरतात. क्षेत्ररक्षकाने चेंडू कुठे फेकायचा, हे मैदानाच्या शंकरपाळी आकारावरूनच कळते, कारण त्याचे चार कोपरे म्हणजेच धावताना गाठायचे बेस : उजवी दिशा म्हणजे पहिला बेस, वरची दुसरा, डावी तिसरा, खालची होम. एकदा अंगठ्याला सवय झाली की डोळे पडद्यावरून हलत नाहीत. खरी गंमत गोलंदाजीत आहे. चेंडू हातातून सुटल्यावरही डावे-उजवे दाबून तो वळवता येतो, आणि फलंदाजाला आपल्या चौकटीत सरकण्याची मुभा असते. त्यामुळे शेजारी बसलेल्याच्या अंगठ्याकडे चोरून पाहणे हा डावपेचाचाच भाग होतो. गोलंदाज दमतो, मग चेंडू मंदावतो, वळेनासा होतो. त्याला वेळेत बदलले नाही, तर चांगला चाललेला सामना एका इनिंगमध्ये हातचा जातो.

सेंट लुईसचा व्हिन्स कोलमन ही या खेळातली कायमची डोकेदुखी. प्रत्यक्षात त्याने १९८५ ते १९८७ या तिन्ही मोसमांत शंभराहून अधिक बेस चोरले होते, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पुढचा बेस गाठला होता. इथेही तो पहिल्या बेसवर पोहोचला की दुसरा गेलाच म्हणून समजावे.

हा खेळ आधी निन्टेन्डोच्या परवान्याने करड्या कार्ट्रिजमध्ये आला. दोन्ही कंपन्यांचे बिनसल्यावर टेंजेनने तो परवान्याविना काळ्या कार्ट्रिजमध्ये विकला. आपल्याकडे फॅमिकॉमच्या नकला ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी आल्या. त्यांच्या कार्ट्रिजला सगळे कॅसेटच म्हणत, आणि गंमत म्हणजे जपानी पोरेही ‘कासेत्तो’च म्हणत. पडद्यावर पट्टे आले की कॅसेट काढून फुंकर मारायची, ही रीतही सगळीकडची. खरे तर काम व्हायचे ते कॅसेट पुन्हा बसवल्याने; फुंकरीतल्या ओलाव्याने उलट धातूची टोके गंजत.

आज जुने यंत्र सपाट टीव्हीला जोडले की पहिली तक्रार बॅट उशिरा फिरते ही असते. चित्र तयार करायला असा टीव्ही काही मिलिसेकंद जास्त घेतो, आणि वेगवान चेंडूला तेवढे पुरतात. त्यामुळे जुना, काचेच्या नळीचा टीव्ही जपून ठेवणारे खेळाडू बरेच आहेत.