सतरा नंबरचा फॉर्म: अभ्यासाआधी शाळेचा दाखला शोधा

अंगणवाडी सेविका आणि मदतनीस, दोन्ही पदांना आता किमान बारावी लागते. पोलीस भरतीला बारावी लागते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिना ६,००० रुपये विद्यावेतनाची जी सगळ्यात खालची पायरी आहे, तिलाही बारावीच लागते. सरकार कौशल्य आणि रोजगाराच्या योजना जाहीर करतं, पण सातवीत शाळा सुटलेला माणूस त्यांच्या दारापर्यंतही पोचत नाही. त्याला आधी दहावी आणि मग बारावी व्हावं लागतं. शाळेत न जाता या परीक्षा देण्याची राज्य मंडळाची सोय म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून भरायचा फॉर्म नंबर १७. लोकांच्या तोंडी तो ‘सतरा नंबर’.

मी काही वर्षांपासून आमच्या वस्तीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या लोकांचे हे फॉर्म भरून देते. अभ्यास जमत नाही म्हणून मागे फिरलेले फार थोडे पाहिले. बहुतेकांचं वर्ष वाया गेलं ते एका दाखल्यापायी, नाहीतर ‘ऑनलाइन भरला म्हणजे झालं’ असं समजल्यामुळे.

पात्रता साधी आहे. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण हवीत. बारावीसाठी दहावी पास हवी आणि दहावी-बारावीत किमान दोन वर्षांचं अंतर हवं. अकरावी केलेली नसली तरी चालतं. दहावी दुसऱ्या मंडळाची किंवा परराज्यातली असेल, तर राज्य मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं, ते आधी मिळवा. वयाला वरची मर्यादा नाही. पन्नाशीतल्या बाईने संकोचून विचारलं, “माझा घेतील का हो?” तर उत्तर ‘हो’ असंच आहे.

आता एक गोष्ट ठळक सांगते. पूर्वी दहावीला बसून नापास झाला असाल, तर हा फॉर्म तुमच्यासाठी नाही. तुम्ही पुनर्परीक्षार्थी आहात. जुनं गुणपत्रक घेऊन शाळेमार्फत थेट परीक्षेचा फॉर्म भरायचा असतो. दर वर्षी कोणीतरी ही गोष्ट लपवून सतरा नंबर भरतं, शुल्क भरतं आणि पुढे अडकतं. भरलेलं शुल्क परत मिळत नाही. नापास असण्यात लाजण्यासारखं काही नाही, पहिल्या भेटीतच सांगून टाका. आयटीआय झालेल्यांनीही आधी मंडळाच्या ‘ट्रान्स्फर ऑफ क्रेडिट’ची, म्हणजे आयटीआयचे गुण मंडळाच्या परीक्षेत धरून घेण्याच्या सोयीची, चौकशी करावी, त्यांची वाट बऱ्याचदा जवळची असते.

कागद मोजकेच लागतात: शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, स्वतःचा पासपोर्ट फोटो. बारावीसाठी दहावीचं गुणपत्रकही जवळ ठेवा. शिवाय चालू मोबाईल नंबर आणि ई-मेल. ई-मेल मुलाचा किंवा सायबर कॅफेवाल्याचा देऊ नका. अर्जाची प्रत त्यावरच येते आणि तीन महिन्यांनी तो पासवर्ड कोणालाच आठवत नाही.

सगळा घोळ दाखल्याचा. मागच्या पावसाळ्यात एक ताई आल्या. चार घरची कामं करतात, वय चाळिशीच्या पुढे. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी एकेक काढून माझ्यापुढे मांडलं: रेशन कार्ड, आधार, पॅन, पासबुक, मुलांची लसीकरणाची कार्डं, बचत गटाची वही. सरकारने आजवर मागितलेला प्रत्येक कागद होता, दाखला तेवढा नव्हता. माहेरी फोन केला तर भाऊ म्हणाला, पुराच्या वर्षी पेटीसकट गेला. फॉर्मची मुदत संपायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

मूळ दाखला हरवला तरी वाट बंद होत नाही. त्याच शाळेतून दाखल्याची दुसरी प्रत घ्यायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. मूळ दाखला हरवला आहे आणि तो वापरून दुसरीकडे कुठेही प्रवेश घेतलेला नाही, असा त्याचा साधारण मजकूर. मंडळ दुसरी प्रत स्वीकारतं. ती शाळेतून वेळेत मिळवणं मात्र कठीण. शाळेचं जनरल रजिस्टर कायम जपायचं दप्तर आहे, त्यामुळे नोंद असतेच. पण लिपिक रजेवर, कपाटाची चावी दुसऱ्याकडे, मुख्याध्यापक मीटिंगला. त्या ताई तीन खेपा गेल्या आणि तीन दिवसांचा रोज बुडाला. चौथ्या खेपेला मी सोबत गेले. कापडी बांधणीचं ते रजिस्टर टेबलावर आलं. प्रवेशाचं साल त्यांना ठाऊक नव्हतं, ‘थोरल्या बहिणीच्या मागून दोन वर्षांनी’ एवढंच आठवत होतं. आधी बहिणीचं नाव शोधलं आणि तिथून पुढे पानं उलटत गेलो. निळ्या शाईत त्यांचं माहेरचं नाव सापडलं तेव्हा त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

म्हणून शाळेत जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. साध्या कागदावर लेखी अर्ज करा. त्यात माहेरचं पूर्ण नाव, आईचं नाव, अंदाजे प्रवेशाचं साल आणि त्याच शाळेत शिकलेल्या भावंडांची नावं लिहा. अर्जाच्या झेरॉक्सवर पोच घ्या. तोंडी विचारणाऱ्याला ‘उद्या या’ म्हणणं सोपं असतं. शाळाच बंद पडली असेल तर गावात पंचायत समितीच्या शिक्षण विभागात आणि शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागात विचारा की तिचं दप्तर कुठे गेलं. आणि कोणी पैसे घेऊन भलत्याच शाळेचा दाखला ‘काढून देतो’ म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. खोटा दाखला आज खपला तरी नोकरीच्या वेळी पडताळणी होते आणि तेव्हा नोकरीही जाते, दहावीही जाते.

दाखला हाती आला की तीन गोष्टी नीट वाचा. पहिली, इयत्ता. ‘पाचवीत शिकत होती’ आणि ‘पाचवी उत्तीर्ण’ यांत फरक आहे. पाचवीत असताना शाळा सुटली असेल तर तुम्ही चौथी पास ठरता आणि सतरा नंबर भरता येत नाही. अशांनी महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी किंवा आठवी स्तराच्या परीक्षेची चौकशी करावी. एक वर्ष जास्त जाईल, पण रस्ता पक्का आहे.

दुसरी, नाव. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, हे जवळजवळ प्रत्येक विवाहितेचं असतं. फॉर्ममध्ये दाखल्यावरचंच नाव, त्याच स्पेलिंगने भरा. पुढे नोकरीत दोन नावांचा मेळ घालायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याचं राजपत्र लागेल, ते वेगळं काम आहे. फॉर्ममध्ये दोन्ही नावं कोंबू नका.

तिसरी, जन्मतारीख. आपल्याकडे एका पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जून असतो, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली. आधारवर दुसरीच असते. घाईने आधार बदलायला धावू नका, आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. फॉर्म दाखल्याप्रमाणे भरा, दहावी पास व्हा आणि मग मंडळाचं प्रमाणपत्र दाखवून आधार दुरुस्त करा.

ऑनलाइन भाग अर्ध्या तासाचा आहे. मंडळाच्या संकेतस्थळावर दहावी-बारावीचे फॉर्म वेगवेगळे आहेत. माहिती भरायची, कागदांचे फोटो चढवायचे, आपल्या भागातली शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय निवडायचं, शुल्क ऑनलाइन भरायचं. शाळा विचार करून निवडा. वर्षभर खेपा तिथेच घालायच्या आहेत आणि नंतर ती सहजासहजी बदलून मिळत नाही.

इथेच लोक मुदत चुकीची वाचतात. मंडळाच्या प्रकटनात तारखा एकाहून जास्त असतात. एक ऑनलाइन भरण्याची. दुसरी, अर्जाची प्रिंट, शुल्काची पावती आणि मूळ कागद निवडलेल्या शाळेत जमा करण्याची. दुसरी गेली तर पहिलीचा काही उपयोग राहत नाही. ‘मोबाईलवर सक्सेसफुल आलं होतं’ हे शाळेच्या दारात रडत सांगणारी मुलं मी पाहिली आहेत. मंडळाला हे दोन्ही टप्पे एकाच ठळक ओळीत लिहिता येणार नाहीत का? नोटीस वाचणारा माणूस मुळातच शाळेपासून तुटलेला आहे, एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं. विलंब शुल्काची वाढीव मुदत मिळतेही, पण तिच्या भरवशावर राहू नका. फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेचे हे फॉर्म आदल्या पावसाळ्यातच निघतात. दाखल्याचं काम मे-जूनमध्ये उरका.

आणि सतरा नंबर म्हणजे नुसती नावनोंदणी. परीक्षेचा फॉर्म दिवाळीच्या आगेमागे शाळेमार्फत वेगळा भरावा लागतो, त्याचं शुल्कही वेगळं. नावनोंदणी करून घरी अभ्यास करत बसलेल्या एका रिक्षाचालक दादांना हे जानेवारीत कळलं. त्यांना कोणी फोन केला नव्हता आणि शाळेनेही नाही. त्यामुळे दर महिन्याला एकदा शाळेत तोंड दाखवा. बहुतेक विषयांत लेखी परीक्षा ८० गुणांची असते, उरलेले २० तोंडी, प्रकल्प किंवा प्रात्यक्षिकाचे आणि तेही शाळेतच द्यायचे असतात. पास व्हायला ३५ लागतात, तिथे हे २० सोडणं परवडत नाही. दिव्यांग असाल तर सवलतीसाठी प्रमाणपत्राची प्रत सुरुवातीलाच द्या, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

हॉल तिकीट शाळेतूनच मिळतं. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का आहे का पाहा आणि नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय, माध्यम हे सगळं तिथल्या तिथे, लिपिकासमोर उभं राहून वाचा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी शाळेत द्या.