वेटसूट निवडताना : ऋतूनुसार समुद्राचे तापमान आणि सूटची जाडी

सर्फिंगसाठी वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब राखणारा अंगाबरोबरचा रबरी पोशाख, घेताना बहुतेक ग्राहक बाहेरच्या हवेचा अंदाज घेतात आणि निवड तेथेच फसते. समुद्र जमिनीपेक्षा फार सावकाश तापतो व तितक्याच सावकाश निवतो. त्यामुळे उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण किनाऱ्यांवर पाणी सर्वाधिक थंड असते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि सर्वाधिक उबदार ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. दक्षिण गोलार्धात हे चक्र सहा महिन्यांनी उलटते. वसंतातील उन्हाला भुलून पातळ सूट घालणारा सर्फर प्रत्यक्षात वर्षातील सर्वांत गार पाण्यात उतरत असतो. काही किनारे ऋतूलाही जुमानत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर वसंतात व उन्हाळ्यात वायव्येकडील वारे पृष्ठभागाचे पाणी समुद्राकडे लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते, त्यामुळे दोन-चार दिवसांतही तापमान काही अंशांनी उतरू शकते. म्हणून महिन्याची सरासरी पाहून सूट विकत घ्यावा, पण कोणता सूट घालायचा हे त्या दिवशीचे पाण्याचे तापमान पाहून ठरवावे.

सूटवर छापलेला ४/३ हा आकडा अपूर्णांक नसून जाडी आहे : धडावर ४ मिलिमीटर, हातापायांवर ३ मिलिमीटर. पाणी २४ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर उन्हापासून संरक्षण देणारा अंगाबरोबरचा सदरा पुरतो. २० ते २४ अंशांत आखूड बाह्यांचा किंवा २ मिलिमीटरचा सूट, साधारण १७ ते २० अंशांत ३/२ आणि १३ ते १७ अंशांत ४/३ सूट योग्य ठरतो. त्याखाली ५/४ सूटसोबत बूट, हातमोजे व टोपी लागतात, आणि ८ अंशांच्या खाली टोपी जोडलेला ६ मिलिमीटरचा सूट घ्यावा. हे आकडे ढोबळ आहेत. वारा जोराचा असेल, अंगकाठी सडपातळ असेल किंवा लाटेची वाट पाहत फळीवर बराच वेळ बसावे लागत असेल, तर एक पायरी जाड सूट घ्यावा. मात्र थंडीच्या धास्तीने गरजेपेक्षा जाड सूट घेऊ नये, कारण त्यात हात मारताना खांदे लवकर भरून येतात.

ऊब राखण्याचे मुख्य काम निओप्रीनमधील, म्हणजे सूट ज्या फेसाळ कृत्रिम रबराचा असतो त्यातील, वायूचे बंदिस्त बुडबुडे करतात. आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने तापतो हे खरे, पण ते पाणी आत टिकले तरच त्याचा उपयोग. सैल सूटमध्ये प्रत्येक लाटेबरोबर गार पाणी आत येते आणि तापलेले बाहेर जाते. म्हणून आमच्या मते मापात बसणारा ३/२ सूट ढगळ ४/३ सूटपेक्षा केव्हाही बरा. सूट घालून पाहताना हात डोक्यावर ताणावेत, मग उकिडवे बसावे. कंबरेच्या वरचा पाठीचा खळगा, काखा आणि मान या तीन ठिकाणी कापड अंगापासून सुटत असेल तर ते माप आपले नाही. कोरडा नवा सूट घट्टच वाटला पाहिजे, मात्र श्वास अडता कामा नये.

शिवणीकडेही लक्ष द्यावे. कापडाच्या आरपार जाणाऱ्या सपाट शिवणीतून पाणी झिरपते. गरम पाण्यात ते चालते. थंड पाण्यासाठी कडा चिकटवून, सुई आरपार न नेता घातलेली शिवण हवी. छातीवरच्या चेनचा सूट चढवायला कष्टाचा, पण पाठीवरच्या चेनच्या सूटपेक्षा त्यात सहसा पाणी कमी शिरते.

वापरानंतर सूट गोड्या, थंड पाण्यात खळबळून, उलटा करून सावलीत वाळवावा. ओला सूट खांद्यांवर टांगल्यास ते ताणले जातात, म्हणून तो कंबरेत दुमडून दांडीवर टाकावा. वर्षानुवर्षांच्या वापराने निओप्रीन दबून पातळ होते, त्यामुळे जुना ४/३ सूट पूर्वीइतकी ऊब देत नसेल तर छापील आकड्यावर विसंबून राहू नये. बदली करण्यापूर्वी तो आमच्याकडे आणल्यास शिवणी तपासून दुरुस्तीने भागेल का, हे आम्ही सांगू.