लेननचा आवाज पियानोखालून निघाला कसा

जून २०२३मध्ये बीटल्स या ब्रिटिश बँडचे पॉल मॅकार्टनी बीबीसी रेडिओवर म्हणाले की बँडचं शेवटचं गाणं एआयच्या मदतीनं पुरं होतंय. लगेच आवई उठली की त्यांचा दिवंगत साथीदार जॉन लेनन याचा आवाज यंत्रानं बनवलाय. कृत्रिम काहीच घातलेलं नाही, असा खुलासा त्यांना थोड्याच दिवसांत करावा लागला. गायला होता लेननच. पियानोनं त्याला झाकून टाकलं होतं.

'नाऊ अँड देन' हे ते गाणं लेननने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या राहत्या घरी, स्वतः पियानो वाजवत, कॅसेटवर गायलं. त्याची पत्नी योको ओनो यांनी १९९४मध्ये त्याच्या काही टेप मॅकार्टनींना दिल्या. त्यांतली दोन गाणी झाली. हे तिसरं १९९५मध्ये सोडून द्यावं लागलं. टेपवर घरघर होतीच, शिवाय आवाज वाढवावा तर पियानोही तेवढाच वाढायचा.

त्या वेळची युक्ती म्हणजे वजाबाकी. स्टिरिओ गाण्यात गायक बहुधा मधोमध, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना सारखाच असतो; एकीतून दुसरी वजा केली की तो जातो. कराओकेवाल्यांचं यावर भागायचं, जरी गायकाबरोबर बासही जायचा आणि एको मात्र मागे उरायचा. मोनो कॅसेटमध्ये वजा करायला दुसरी बाजूच नसते. संशोधकांकडे तेव्हा नव्या गणिती पद्धती होत्या, पण त्यांना साधारण जितके आवाज तितके माइक लागत.

वाट सापडली ती आवाजाचं चित्र काढून: आडवा काळ, उभी कंपनसंख्या, जोर तितका रंग गडद. या चित्रातला कुठला भाग गळ्याचा, हे ओळखायला न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला शिकवायचं. गंमत म्हणजे २०१७मध्ये यासाठी वापरलेली 'यू-नेट' ही रचना मुळात सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींची चित्रं वाचायला केलेली होती. शिकवणीला सुटे ट्रॅक, म्हणजे गळा आणि प्रत्येक वाद्य यांचं वेगवेगळं ध्वनिमुद्रण, असलेली गाणी लागतात. संशोधकांचा नेहमीचा संच अवघ्या १५० गाण्यांचा. २०१९मध्ये गाणी ऐकवणाऱ्या डीझर कंपनीनं असं काम करणारं 'स्प्लीटर' हे सॉफ्टवेअर फुकट खुलं केलं आणि हे काम घरच्या कॉम्प्युटरवर आलं.

बीटल्सपर्यंत हे तंत्र पोचलं चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनमुळे. १९६९च्या तालमींच्या मोनो टेपवर बीटल्सचे चौघं खासगी बोलताना मुद्दाम गिटार वाजवत राहत, म्हणजे चित्रीकरणवाल्यांना ऐकू जाऊ नये. जॅक्सनच्या चमूनं ते बोलणं सोडवलं. २०२१ची 'गेट बॅक' ही माहितीपट मालिका त्यावर उभी आहे. तेच तंत्र मग लेननच्या कॅसेटवर चाललं. २ नोव्हेंबर २०२३ला गाणं आलं, त्यात बीटल्सपैकीच जॉर्ज हॅरिसनची १९९५ची गिटारही आहे.

'आवाज वेगळा काढला' हे मात्र सैल बोलणं आहे. गळा आणि पियानो एकाच कंपनसंख्येवर येतात तिथे कुणाचा वाटा किती, हे यंत्र अंदाजानं ठरवतं, आणि हा अंदाज ऐकलेल्या गाण्यांवरून येतो. ती बहुतेक पाश्चात्त्य पॉप-रॉक. म्हणून आवाज वाटायची खाती बहुधा चार: गळा, ड्रम, बास आणि 'इतर'. नाट्यसंगीतात पेटी गायकाच्या हरकतींमागोमाग त्याच सुरांवरून जाते. तिला सोडवणं पियानोपेक्षा अवघड. आणि शिकवायला सुटे ट्रॅक आणायचे कुठून? मैफलीत सगळे एकाच मंचावर, गायकाच्या माइकमध्ये तबला उतरतोच.