रोझ बर्ड : मतदारांनी घरी पाठवलेल्या सरन्यायाधीश

नोव्हेंबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीश रोझ बर्ड यांना पदावरून खाली खेचलं. समोर प्रतिस्पर्धी नव्हताच. त्यांना पदावर ठेवायचं का, एवढाच प्रश्न; मतपत्रिकेवर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. तीनपैकी दोन मतं ‘नाही’ पडली. सोबत आणखी दोन न्यायमूर्ती गेले. १९३४ पासून चालत आलेल्या या पद्धतीत तिथे असं पहिल्यांदाच घडत होतं.

अ‍ॅरिझोनात जन्म, गरिबीतलं बालपण, बर्कलेतून कायद्याची पदवी, सांता क्लारा काउंटीत सरकारी बचाव वकील. १९७७ मध्ये राज्यपालांनी त्यांना थेट सरन्यायाधीश केलं तेव्हा न्यायाधीशपदाचा एका दिवसाचाही अनुभव त्यांच्या गाठीला नव्हता. त्याआधी त्या राज्यपालांच्या मंत्रिमंडळात शेती खातं सांभाळत. शेतमजुरांना युनियनचा हक्क देणारा १९७५ चा कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदीही त्याच वर्षी आली. त्या कुदळीने दिवसभर कमरेत वाकून काम करावं लागे आणि मजुरांच्या पाठी कायमच्या जात. बडे बागायतदार तेव्हापासूनच त्यांच्यावर खार खाऊन होते. १९८६ च्या प्रचारात पुढे होती फाशी. जुना राग मागे होताच.

फाशीच्या वादाची खरी गाठ १९८३ च्या एका निकालात आहे. १९७८ मध्ये जनमताने आलेला कायदा ढिसाळ लिहिलेला होता. दरोड्यात कुणाचा जीव गेला, तर आरोपीला मारायचंच होतं हे सिद्ध करावं लागेल की नाही, यावर त्याचे दोन्ही अर्थ निघत. न्यायालय म्हणालं, हेतू सिद्ध व्हायलाच हवा. आधार होता वॉशिंग्टनमधल्या, म्हणजे साऱ्या अमेरिकेच्या, सर्वोच्च न्यायालयाच्या आदल्या वर्षीच्या निकालाचा. मग ज्या खटल्यांत ज्युरींना हेतूचा प्रश्नच घातला नव्हता, त्यांतल्या शिक्षा कोसळू लागल्या. हा निकाल बर्ड यांनी लिहिलेला नव्हता, पण जाहिरातींत चेहरा त्यांचाच झळकला. अर्थात त्यांनीही विरोधकांना आयतं कोलीत दिलं होतं : समोर आलेल्या ६१ पैकी ६१ फाशीच्या शिक्षा रद्द करण्याच्या बाजूने त्यांचं मत पडलं होतं. एवढ्या सगळ्या खटल्यांत एकही शिक्षा टिकण्याजोगी नव्हती, हे सामान्य मतदाराच्या गळी उतरणं कठीणच.

१९८७ मध्ये नव्या खंडपीठाने प्रत्यक्ष जीव घेणाऱ्यापुरती हेतूची अट काढून टाकली. तो निकाल लिहिला जुन्या खंडपीठातूनच उरलेल्या एका ज्येष्ठ न्यायमूर्तींनी. दरम्यान वॉशिंग्टननेही आपली भूमिका बदलली होती. तरीही राज्यातली पुढची फाशी व्हायला १९९२ उजाडलं. २००६ पर्यंत १३ जणांचा मृत्युदंड प्रत्यक्षात अमलात आला आणि २०१९ मध्ये राज्यपालांनी अंमलबजावणीच थांबवली.

बर्ड १९९९ मध्ये वारल्या. २०१० मध्ये आयोवा राज्याच्या मतदारांनी समलिंगी विवाहाच्या निकालावरून आपल्या सर्वोच्च न्यायालयातले तिघे न्यायमूर्ती घरी पाठवले. प्रचाराची तऱ्हा तीच होती.