व्याख्यान वरून आलं, भटकंती खालून

विज्ञानप्रेमींच्या कुठल्याही मंडळाचं वर्षाचं वेळापत्रक घ्या. महिन्याला एखादं व्याख्यान आणि अधूनमधून बाहेर पडणं: पक्षी बघायला, खडक बघायला, आकाश बघायला. या दोन गोष्टी आता इतक्या जोडीनं येतात की त्या एकाच घरात जन्मल्या असाव्यात असं वाटतं. तसं नाही. व्याख्यानाची परंपरा बरीचशी श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून आली. हातात नमुना घेऊन चारचौघांत तो ओळखण्याची परंपरा मात्र बऱ्याच अंशी विणकरांच्या गुत्त्यात वाढली. दोन्हींची गाठ पडायला शंभरएक वर्षं लागली.

सुरुवातीची मंडळं लहान होती. बर्मिंगहॅमच्या ल्युनर सोसायटीत जेम्स वॉट, मॅथ्यू बोल्टन, जोसेफ प्रीस्टली, इरॅस्मस डार्विन अशी बडी मंडळी होती, पण संख्या पंधराच्या आतच. पौर्णिमेच्या आसपास ते भेटत, कारण रस्त्यांवर दिवे नव्हते आणि रात्री घोड्यावरून घरी परतायचं असे. (आजच्या आकाशदर्शनवाल्यांचा हिशेब नेमका उलटा, त्यांना अमावास्या हवी.) त्याहूनही आधी, १७१७ साली, लंडनच्या स्पिटलफील्ड्स या विणकरांच्या वस्तीत एक गणित मंडळ निघालं होतं. सभासदाला दुसऱ्या सभासदानं काही विचारलं, तर जमेल तितक्या सोप्या भाषेत ते समजावून देणं हे त्याचं कर्तव्य, असा तिथला नियम होता. हे मंडळ सव्वाशे वर्षं चाललं आणि १८४५ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत विलीन झालं.

जाहीर व्याख्यानाला आजचं रूप आलं ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. ती १७९९ साली स्थापन झाली. संस्थापकांपैकी एक, काउंट रम्फर्ड, यांच्या मूळ योजनेत कारागिरांनाही जागा होती. वास्तुरचनाकार टॉमस वेब्स्टर यांनी सभागृहाच्या वरच्या गॅलरीत कारागिरांसाठी बाकं धरली आणि त्यांना थेट रस्त्यावरून वर जाता यावं म्हणून वेगळा दगडी जिना ठेवला. म्हणजे उमरावांशी जिन्यात गाठ पडायला नको, ही सोयही त्यातच आली. पण फ्रेंच राज्यक्रांती ताजी होती. खालच्या वर्गाला विज्ञान शिकवणं राजकीयदृष्ट्या धोक्याचं, असं आश्रयदात्यांना वाटू लागलं आणि तो जिना पाडून टाकला गेला.

मग उरले ते पैसेवाले श्रोते. त्यांना तिथले रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी अक्षरशः वेड लावलं. व्याख्यानाच्या दिवशी अल्बेमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची इतकी कोंडी होई की तो लंडनमधला पहिला एकेरी वाहतुकीचा रस्ता ठरला, असं सांगतात. श्रोत्यांत बायकाही मोठ्या संख्येनं असत. त्यांच्यातल्या जेन मार्सेट यांना प्रयोग बघून आनंद व्हायचा, पण सगळं झरझर निघून जायचं. घरी येऊन एखाद्या जाणकाराशी बोललं की गोष्टी उलगडतात, हे लक्षात आल्यावर त्यांनी रसायनशास्त्रावर संवादरूपात पुस्तक लिहिलं. ते १८०६ साली निघालं आणि काही वर्षांनी एका बुकबाइंडरच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या पोराच्या हाती लागलं. त्या पोराचं नाव मायकेल फॅरडे.

फॅरडेची गोष्ट आपल्याकडे ‘गरिबीतून वर आलेला शास्त्रज्ञ’ अशी सांगतात. माझ्या मते ती आधी एका श्रोत्याची गोष्ट आहे. जॉन टेटम नावाचे गृहस्थ लंडनमध्ये आपल्या घरी व्याख्यानं देत, प्रवेश एक शिलिंग. फॅरडेला ते पैसे मोठ्या भावानं दिले. तिथल्याच सिटी फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याच्यासारखे शिकू पाहणारे तरुण आळीपाळीनं बोलत आणि ऐकत. पुढे १८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं त्याला डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडे गॅलरीत, घड्याळाच्या बरोबर वर बसला. म्हणजे जिना पाडला गेला तरी एक कारागीर त्या गॅलरीत पोहोचलाच. त्यानं टिपणं काढली, ती सुवाच्य लिहून आकृत्यांसह स्वतः बांधली आणि डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये तो तिथे सहायक म्हणून लागला. शुक्रवारची सायंव्याख्यानं आणि मुलांसाठीची नाताळ व्याख्यानं या दोन्ही प्रथा तिथे १८२५ च्या सुमाराला सुरू झाल्या. नाताळ व्याख्यानांची मालिका फॅरडेनं स्वतः एकोणीस वेळा केली.

त्याच काळात उत्तरेकडे लँकाशरमध्ये वेगळंच काही चाललं होतं. हातमागावर आठवडाभर राबणारे विणकर रविवारी, म्हणजे एकुलत्या एका सुट्टीला, रानातून झाडपाला गोळा करून गुत्त्यात जमत. हे वनस्पती मंडळ होतं! जमलेले नमुने टेबलावर ठेवत, अध्यक्ष एकेक उचलून त्याचं लॅटिन नाव सांगत आणि नमुना हातोहात फिरे. वर्गणीतला काही भाग पिण्यावर जाई, उरलेल्यातून पुस्तकं घेतली जात. पुस्तक एकट्याला परवडणारं नव्हतं, मंडळाला परवडे. प्रेस्टविचचा जॉन हॉर्सफील्ड हा अशाच एका मंडळाचा अध्यक्ष. वनस्पतींच्या वर्गीकरणातले लिनियसचे चोवीस वर्ग पाठ व्हावेत म्हणून त्यानं ते कागदावर लिहून मागाच्या खांबाला लावले होते. धोटा चालू आणि डोळे कागदावर. या सभांमध्ये बायका जवळजवळ नसत, हेही नोंदवायला हवं. दिवाणखान्यातलं विज्ञान त्या बाबतीत पुढे होतं.

मध्यमवर्गानं भटकंती उचलली ती १८३१ मध्ये. बेरिकचे डॉक्टर जॉर्ज जॉन्स्टन यांनी बेरिकशर नॅचरलिस्ट्स क्लब काढला. ना इमारत, ना संग्रहालय; वर्षातून ठरावीक वेळा भेटायचं आणि त्या दिवशी माळ-किनारे पालथे घालायचे. ही कल्पना भराभर पसरली, रेल्वेनं तिला आणखी पाय फुटले. पण सहल म्हणजे गोळा करणं, हे समीकरण महागात पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडला नेच्यांचं (फर्नचं) वेड लागलं आणि काही जाती त्यांच्या जागांवरून अक्षरशः उपटल्या गेल्या. समुद्रकाठच्या खडकांतल्या डबक्यांचीही तीच गत झाली. बघायचं, मोजायचं, पण न्यायचं नाही, ही शिस्त हळूहळू आली. नाताळात बंदुका घेऊन पक्षी मारायची अमेरिकेत स्पर्धा असे; त्याऐवजी पक्षी मोजू या, असं फ्रँक चॅपमन यांनी १९०० साली सुचवलं. पहिल्या वर्षी २७ जण आले. ती गणना आजही होते.

आपल्याकडे मुंबईत १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. आठांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन; पैकी आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. सुरुवातीला महिन्याला एकदा भेटून नमुने दाखवायचे, अनुभव सांगायचे, एवढाच बेत होता. जागा अपुरी पडू लागली तेव्हा फिप्सन या वाइनच्या व्यापाऱ्यानं फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातली खोली दिली. निसर्ग अभ्यासाचं आणि मद्याचं नातं असं इथेही जुळलं.

कलकत्त्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी त्याआधीच, १८७६ साली, लोकवर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स उभी केली होती. व्याख्यानं होत राहिली, पण तिथे येऊन संशोधन करणारा माणूस डॉ. सरकार यांच्या हयातीत काही मिळाला नाही. ते १९०४ मध्ये गेले. १९०७ साली अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी तिथे येऊ लागला. कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर तो प्रयोग करी. हे चंद्रशेखर वेंकट रामन. पुढे नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले, पण १९२८ चा ‘रामन परिणामा’चा शोध याच संस्थेतल्या प्रयोगशाळेतला. राष्ट्रीय विज्ञान दिन आपण २८ फेब्रुवारीला साजरा करतो, तेव्हा हौशी मंडळींच्या वर्गणीचा हा भाग सहसा भाषणांत येत नाही.

सहलीचा सगळ्यात टोकाचा प्रकार म्हणजे खग्रास सूर्यग्रहण गाठणं. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन १८९० साली हौशी लोकांसाठी निघाली आणि तिनं बायकांनाही सभासद करून घेतलं. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला ते जमायला १९१६ उजाडलं. असोसिएशनची मंडळी १८९६ मध्ये नॉर्वेतल्या वाड्स्योला गेली आणि ढगांनी घात केला. पुढची संधी २२ जानेवारी १८९८ रोजी भारतात होती. एक तुकडी वऱ्हाडातल्या तळणीला उतरली. तिच्यात अ‍ॅनी माँडर होत्या. लग्नानंतर नियमाप्रमाणे त्यांना ग्रिनिच वेधशाळेची नोकरी सोडावी लागली होती. एका लहानशा कॅमेऱ्यानं त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा असा लांब झोत टिपला की तेवढा लांब त्याआधी कुणी टिपला नव्हता.

त्याच ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गात होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ हे त्याच मोहिमेचे. पण हेलियमचा शोध विजयदुर्गात लागला, ही सहलींत हमखास सांगितली जाणारी कथा टिकत नाही. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची ती पिवळी रेषा लॉकियर यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाविना पाहिली. विजयदुर्गाची खरी गोष्ट कमी मोलाची नाही, मग उसनी कशाला हवी?

महाराष्ट्रात हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ साली निघाली. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, तिनं मराठीतून व्याख्यानांचा प्रघात पाडला. मात्र ही मंडळं एकीकडे आणि भोवतालचा समाज दुसरीकडे, असंच बराच काळ होतं. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणाला शहरांतले रस्ते ओस पडले होते आणि लोकांनी घरात थांबावं म्हणून दूरदर्शननं सिनेमा लावला होता. पाच वर्षांनी हॅलेचा धूमकेतू आला आणि मुंबईत खगोल मंडळ सुरू झालं. गच्चीवर दुर्बीण लागली की शेजारीपाजारी रांग लावू लागले.

दोन्ही परंपरा एका टेबलाशी आणण्याचा अलीकडचा एक प्रयोग १९९८ मध्ये लीड्समध्ये झाला. डंकन डॅलस या दूरचित्रवाणी निर्मात्यानं ‘काफे सायंटिफिक’ सुरू केलं. वक्ता साधारण वीस मिनिटं बोलणार, स्लाइड दाखवायच्या नाहीत. मग पेले भरण्यापुरती विश्रांती, आणि त्यानंतर तासभर फक्त प्रश्न. वक्त्यापेक्षा श्रोत्यांचा वेळ जास्त. पुष्कळ देशांत हे चाललं. आपल्या कार्यक्रमांत उशीर झाला की पहिली कात्री प्रश्नोत्तरांनाच लागते. सत्कार आणि आभारप्रदर्शन मात्र पूर्ण होतं.