सरकीचा डीएनए आणि सॉफ्टवेअरमधल्या सेटिंगचा घोळ : पार्श्वभूमी

पऱ्हाटीचं हायब्रीड बियाणं शुद्ध आहे का हे पाहायचं तर आधी एकच रस्ता होता, सरकी पेरा, झाडं वाढू द्या आणि मग मोजा. त्यालाच ग्रो-आउट टेस्ट म्हणतात. किमान ९० टक्के शुद्धता लागते, पण निकाल येईस्तोवर हंगाम जातो आणि यवतमाळ-वर्ध्याकडच्या कास्तकारानं तोवर पाकीट फोडून लावण पण केलेली असते. म्हणून एसएसआर मार्कर आले, म्हणजे डीएनएतल्या अशा जागा जिथं दोन-चार अक्षरांचा (बेसचा) तुकडा लागोपाठ परत परत येतो. त्या एका तुकड्याला रिपीट म्हणतात, ते वाणागणिक कमीजास्त असतात, म्हणून त्या जागेची लांबी मोजून वाण ओळखता येतो. २००२ नंतर बीटीची पट्टी पण आली, पण ती फक्त बीटीचं प्रथिन आहे का तेवढं सांगते, हायब्रीड कोणतं ते नाही.

ही सगळी पद्धत मुळात माणसांवर घडलेली. १९८४ ला इंग्लंडात डीएनए फिंगरप्रिंट सापडलं, १९८९ च्या आसपास मायक्रोसॅटेलाइट (एसएसआरचंच दुसरं नाव) पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीनं, वाढवता यायला लागले, नव्वदीत तुकडे लांबीप्रमाणं सुटे करणाऱ्या जेलच्या जागी बारीक नळीवाल्या कॅपिलरी मशिनी आल्या आणि जेल डोळ्यानं वाचायचं काम सॉफ्टवेअरकडं गेलं. सॉफ्टवेअर सोबत धावलेल्या साइज स्टँडर्डवरून (लांबी माहीत असलेले तुकडे) तुकड्याची लांबी काढतं. ती दशांशात येते, १८३.७ वगैरे, मग 'बिन' नावाच्या खिडकीत बसवून तिला अ‍ॅलीलचा नंबर देतात; अ‍ॅलील म्हणजे त्या जागेचं एक रूप. स्टँडर्डवर पण डोळा ठेवावा लागतो, नेहमीच्या ५०० बेसपर्यंतच्या स्टँडर्डमधलं २५० चं शिखर (आलेखावर तुकडा शिखरासारखा दिसतो) नीट धावतच नाही म्हणून ते मोजमापातून वगळायचं असते. विसरलात तर आसपासचे सगळे आकडे सरकतात.

माणसांच्या तपासणीत अ‍ॅलेलिक लॅडर असतो, म्हणजे माहीत असलेल्या अ‍ॅलीलांचं मिश्रण नमुन्यांसोबतच धावते. त्याच्या भरवशावर टीएच०१ नावाच्या मार्करचा ९.३ आणि १० असे एकाच बेसनं वेगळे अ‍ॅलील पण सुटे दिसतात. कापसाला असा सगळीकडं चालणारा तयार लॅडर नाही, बिन ज्याचे त्यानं बनवायचे. आता पॉलिमर बदला, रंग बदला, एवढंच काय खोलीचं तापमान बदललं तरी तोच तुकडा थोडा इकडंतिकडं दिसतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात लाइट गेली की एसीचं काय होते ते सांगायला नको.

पण खरं भांडण बिनचं नाही, स्टटरचं आहे. कॉपी करताना एंझाइम घसरतं आणि खऱ्या शिखराच्या एक रिपीट आधी छोटं शिखर उमटतं. माणसांच्या मार्करमध्ये रिपीट बहुतेक चार बेसचे, तिथं स्टटर कमी. कापसात दोन बेसचे मार्कर भरपूर, तिथं तो चांगला उंच येतो. समजा मादी वाणाचा तुकडा १८४ बेसचा आणि नराचा १८२ चा. मादीचं फूल स्वतःच्याच परागानं फळलं (हातानं केलेल्या क्रॉसमध्ये मुख्य भेसळ हीच) तर १८४ चं शिखर येईल आणि १८२ वर त्याचा स्टटर. स्टटर गाळायचा फिल्टर सैल असला की सॉफ्टवेअर दोन अ‍ॅलील दाखवून त्याला हायब्रीड म्हणणार, कडक असला की खऱ्या हायब्रीडचं १८२ बारीक आलं तर तेच उडवून मादी ठरवणार. सैल सेटिंग विकणाऱ्याच्या सोयीची, कडक घेणाऱ्याच्या. माझ्या मते असा मार्कर वापरूच नये, नर-मादीत सहा-आठ बेसचा फरक असलेला निवडावा. पण काही लोक म्हणतात शिखरांच्या उंचीचं प्रमाण ठरवून भागते, आणि आईबाप जवळचे असले तर दुसरा मार्कर सापडत नाही हे त्यांचं म्हणणं पण खोटं नाही.

त्यात आपला अमेरिकन कापूस चतुर्गुणित, म्हणजे त्यात दोन वेगळ्या जीनोमच्या जोड्या, एकच प्रायमर (कॉपी जिथून सुरू होते तो छोटा तुकडा) दोन्हीकडं चिकटू शकतो. मग शुद्ध मादीत पण दोन शिखरं दिसतात आणि ती एकाच जागेचे अ‍ॅलील नसतातच. सॉफ्टवेअरला हे कळत नाही, डिफॉल्ट सेटिंग साध्या द्विगुणित जीवाची.

आता एसएनपीवाल्या, म्हणजे डीएनएतल्या एकाच अक्षराचा फरक पाहणाऱ्या, चाचण्या येऊन राहिल्या, त्यात लांबी मोजायचीच नाही म्हणून बिन नाही की स्टटर नाही. पण जिथं अजून एसएसआर चालतं तिथं दर रनमध्ये नर, मादी आणि खात्रीचं हायब्रीड, तिन्ही त्याच प्लेटवर लावावे लागतात, आणि फिल्टर किती ठेवला तो आकडा रिपोर्टवर टक्केवारीच्या शेजारीच छापायला पाहिजे.