तीस सेकंदांचं गाणं ‘फुकट’ असतं का?

‘३० सेकंदांपेक्षा कमी गाणं वापरलं तर कॉपीराइट लागत नाही’ हा समज शॉर्टफिल्म करणाऱ्यांत वर्षानुवर्षं फिरतोय. बजेट तुटपुंजं असताना त्यावर विश्वास बसणं साहजिक आहे.

पण कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये अशी सेकंदांची सवलत नाही. कलम ५२ मध्ये अपवाद आहेत: खासगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. प्रसंगाला रंग चढावा म्हणून गाणं वाजवणं त्यात बसत नाही. श्रेय दिलं किंवा कमाई केली नाही, तरी परवानगी लागतेच. कायदा नेटवर मोफत आहे. हे कलम एकदा स्वतः वाचाच.

शिवाय एका गाण्यात हक्क अनेक असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. म्हणूनच पारंपरिक ओवी कुणाच्या मालकीची नसली, तरी तिचं एखाद्या कंपनीनं केलेलं रेकॉर्डिंग उचलता येत नाही. तीच ओवी गावातल्या आजीकडून गाऊन घ्या, मानधन द्या, लेखी संमती घ्या. माझ्या मते ती पडद्यावर जास्त खरीही वाटते. हे शूटिंगआधीच ठरवा. एडिटिंग गाण्याच्या ठेक्यावर झालं की गाणं बदलणं फार जड जातं.